वस्तीबाहेर उभा राहिलेला वर्ग

"तुम्ही जा हो आत. तुम्हाला सवय आहे. आम्ही इथं उभं राहून लिहून घेतो."

सर सगळ्या वर्गासमोर मला असं म्हणाले. मुलं हसली. एकानं नाकाला रुमाल लावला होता, तो रुमालाआडून हसला.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. पुण्याच्या कॉलेजात आम्हाला शहर आणि लोकांचं आरोग्य असा नवा विषय होता. शिकवताना सरांच्या तोंडी समता हा शब्द वरचेवर यायचा. मला तो विषय मनापासून आवडायचा. पाहणीसाठी वर्ग एसटीनं जुन्नरला आला. गावाबाहेर आमच्या लोकांची वस्ती. मी जवळच्याच डिंगोऱ्याचा महार, वर्गातला एकटाच.

गेलो आत. करणार काय? पाहणीचे गुण सरांच्या हातात, आणि गुणांवर माझी फी-माफी.

"विचारा, पाणी कुठलं पितात?" सर रस्त्यावरून ओरडायचे. मी विचारायचो, रस्त्यापर्यंत यायचो, सांगायचो. परत आत.

"विचारा, पटकीनं कोण कोण मेलं?"

दारात एक म्हातारी बसली होती. नात्यानं माझी आत्या. तिलाही विचारलं. तिनं सुनेचं सांगितलं, मग तान्ह्या नातवाचं. गावातल्या आडाला शिवू देत नाहीत, म्हणून नदीचं गढूळ पाणी प्यायली. दोघंही गेली. सांगताना ती रडली नाही. मी रस्त्याकडं वळलो, तशी म्हणाली,

"तुजा बाप गावच्या मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचा. लई पळाला त्यो. आन् तू शिकून बी त्येच करतो व्हय रं? आमची मढी नेऊन त्यांना सांगतो?"

मी जागीच थांबलो. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी बातमी पोचवायची, हे आमच्या माथी मारलेलं काम. त्याबद्दल बापाला शिळी भाकरी मिळायची. मला गुण मिळणार होते. एवढाच फरक. माझी मलाच शिसारी आली.

"काय झालं? सांगा की!" रस्त्यावरून हाक आली.

"सांगणार नाही," मी दारातूनच ओरडलो. "आत्या इथं बसलीय. तुम्ही आत या आणि विचारा."

"नापास व्हायचंय का तुम्हाला?"

"करा."

या वेळी कुणी हसलं नाही. आतही कुणी आलं नाही. वर्ग एसटीत बसून निघून गेला. मी वस्तीतच राहिलो. पुढं नापास झालो, फी-माफी गेली. त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू? पण कॉलेज सोडलं नाही. मजुरी केली आणि त्याच विषयाला, त्याच सरांसमोर पुन्हा जाऊन बसलो.

हा विषय आमच्या मरणावर उभा आहे. तो मी त्यांच्या हातात ठेवणार नाही. मी पास होईन. मी शिकवीन. आणि ज्याला वस्तीत पाय ठेवायचा नाही, त्याला माझ्या वर्गात बसू देणार नाही.