घासून परत आलेला डबा

"डबा घासून परत येतो ना? मग माणूस धड आहे," आई अंगणात शेजारच्या काकूंना सांगत होती.

"पुरुषमाणूस तो. चार दिवस तोंड पाडून बसेल, मग येईल वळणावर," काकू म्हणाल्या.

मी डबा घेऊन उंबऱ्याशी उभी होते. बोलणं मामाबद्दल होतं. मामी आपली ट्रंक घेऊन पुण्याला माहेरी गेली होती आणि आता परत येणार नव्हती. घरात तिचं नाव काढायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं. त्याऐवजी रोज संध्याकाळी मामाला डबा जायचा. तो अंबरनाथलाच, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत असे.

कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, ही रीत मामी पाळायची. ती गेल्यावर मामाने पाळली. कालचा डबा लखलखीत घासलेला, आत जवळच्या सिंधी कॅम्पातल्या दुकानातले मिऱ्याचे पापड. आई खूश.

"बसतेस जरा?" मामा रोज दारात विचारायचा.

"अभ्यास आहे," मी रोज म्हणायचे. शाळेत इंग्रजी निबंध मला सहज जमत. एकट्या पडलेल्या माणसाशी काय बोलावं ते सुचत नसे.

संक्रांतीला पिशवी विसरले म्हणून मी मागच्या दाराने परत गेले. मामा मोरीच्या पायरीवर बसून गुळाच्या पोळ्या कुत्रीला घालत होता. आईने त्या खास त्याच्यासाठी केल्या होत्या.

"तू तरी जेव गं," तो तिला म्हणाला. मग राखेने डबा घासू लागला, सावकाश, कडा-कोपऱ्यांसकट. सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती. मी पाय न वाजवता निघाले.

घरी काही बोलले नाही. आईला वाईट वाटेल, असं स्वतःला सांगितलं. खरं तर, मग मलाच त्याच्यापाशी बसवतील, याची धास्ती होती. डबा नेत राहिले.

शिमग्याच्या सुमारास मामा कामावर चक्कर येऊन पडला. त्याला आमच्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलंच नाही.

"असं कसं? रोज डबा जात होता की! घासून यायचा!" आई पुन्हापुन्हा म्हणत होती. मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आई, तो जेवत नव्हता," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं. तो रोज मला बस म्हणायचा, आणि मी बसले नाही."