लंडनवाला, पप्पा आणि भाऊंचा वाढदिवस

आमच्या घरात त्याला ‘लंडनवाला’ म्हणत. त्याचं खरं नाव पप्पांच्या जिभेवर कधी बसलं नाही आणि आईने ते बसवायचा प्रयत्नच केला नाही. मी कॉलेजात असताना मावसभावाने मोबाइलवर या लंडनच्या रॅपरचं एक गाणं पाठवलं होतं. गाणं कसलं, तालात केलेलं भांडणच होतं ते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यातले मोजके शब्द कळले, त्यांतले निम्मे शिव्या होत्या. पण समोरचा मनापासून चिडलाय हे कळायला इंग्रजी लागत नाही.

मग मी त्याच्या मागेच लागले. गाण्यांचे शब्द शोधले, मुलाखती बघितल्या. एकट्या आईने वाढवलेला, सरकारी घरांच्या उंच इमारतीत लहानाचा मोठा झालेला, शाळेत मास्तरांनी ‘याच्या हातून काही होणार नाही’ म्हणून मागे बसवलेला. पुढे तोच स्टेजवर उभा राहून घरभाड्यापासून युद्धापर्यंत सगळ्यावर बोलायला लागला. तिथल्या पेपरवाल्यांनी आधी त्याला देशद्रोही म्हटलं, नंतर त्याच पेपरवाल्यांनी त्याचा रंगीत फोटो छापला. टीव्हीवर चर्चेला बोलवायचे तेव्हा टाय लावलेली मंडळी त्याच्यावर तुटून पडायची. हा सावकाश पाणी प्यायचा आणि मग सगळ्यांना एका दमात उत्तर द्यायचा.

एकदा पप्पा माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होते.

“हा कुणावर चिडलाय?”

“त्यांच्या पंतप्रधानांवर.”

“नाव घेऊन?”

“नाव घेऊन.”

“अन् मग घरी जातो?”

“हो मग. आणखी कुठे जाणार?”

पप्पांनी गाणं मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “बरं हाय त्याचं.”

पप्पा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पण ती त्यांची पोटाची ओळख. खरी ओळख गायन पार्टीची. जयंतीच्या दिवसांत त्यांची पार्टी नांदगावपासून मालेगावपर्यंत फिरायची. पेटी, ढोलकी, मागे कोरसला दोघं-तिघं, आणि पुढे पांढऱ्या सदऱ्यात पप्पा. सावकार, पाटील, दारू, हुंडा, सरकार, सगळ्यांची गाण्यातून हजेरी घ्यायची. आवाज असा की माइक फक्त शोभेला. त्यांनी लंडनवाल्याची आणखी दोन गाणी ऐकली आणि निकाल दिला, “हे आमचंच हाय. फक्त याच्यात पेटी नाय, ढोलकी नाय अन् चाल नाय.”

“मग उरलं काय?”

“भांडण,” पप्पा म्हणाले. “ते मात्र चांगलं हाय.”

शिक्षण संपल्यावर मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. आत डॉक्टरांचं मशीन घर्रर्र करायचं, बाहेर मी त्या आवाजावर ओळी जुळवायचे. दुपारी पेशंट नसले की एक्स-रेच्या खोलीत जाऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, कारण त्या खोलीत रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत नसे. माझा पहिला रॅप कॉलेजच्या हॉलतिकिटांवर होता, दुसरा बसस्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहावर. श्रोते म्हणजे मावसभाऊ आणि दवाखान्यातली नर्स. आईने एक ऐकला आणि म्हणाली, “एवढं पटापट बोलता येतं तुला, मग बघायला आलेल्या मुलासमोर तोंड का शिवून बसतेस?”

माझी खरी कारकीर्द सुरू केली ती आमच्या कॉलनीच्या रस्त्याने.

हा रस्ता आधी पाण्याच्या पाइपसाठी खोदला. बुजवला. मग गॅसच्या पाइपसाठी खोदला, तेव्हा पाण्याचा पाइप फुटला. तो शोधायला पुन्हा खोदला. मग ड्रेनेजवाले आले, त्यांनी आधीच्या तिघांना नावं ठेवत जरा जास्तच खोल खोदला आणि निघून गेले. त्या काळात महापालिकेची निवडणूक लांबलेली होती. नगरसेवक कुणीच नव्हतं. गल्लोगल्ली राज्य होतं ते ‘माजी’ आणि ‘भावी’ लोकांचं, आणि आमच्या वॉर्डातले भाऊ एकाच वेळी दोन्ही होते. त्यांचे फ्लेक्स मात्र चालू काळातले होते. हात जोडलेले, हसरे, दर सणाला नवे. त्यातला एक वाऱ्याने पडला, तेव्हा कुणीतरी तो खड्ड्यावर झाकण म्हणून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मावशी इडलीचं पीठ दळून आणत होत्या. त्यांना वाटलं रस्ता आहे. भाऊंच्या छातीवर पाय ठेवला आणि पिठासकट खाली गेल्या.

मनगट मोडलं. आम्ही त्यांना वर काढलं तेव्हा त्या पिठाने पांढऱ्याफटक झालेल्या होत्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “डबा सापडला का गं?”

त्याच आठवड्यात मी रॅप केला. त्याचं धृपद असं होतं:

पाण्यासाठी खोदला, मग गॅससाठी खोदला,
बुजवायला आले तेव्हा रस्ताच नाही सापडला!
सांगा भाऊ, सांगा भाऊ, रस्ता कुठं गेला?
खड्ड्यावरती बॅनर तुमचा, तोही पडून ओला!

पुढे मावशींवर अख्खं कडवं होतं. लंडनवाला ज्या वेगाने म्हणायचा, त्याच वेगाने मी ते म्हटलं. उलट थोडं जास्तच. मावसभावाने खड्ड्याशेजारी उभं करून माझा व्हिडिओ काढला आणि टाकला. संध्याकाळपर्यंत तो कॉलनीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरला, मग पंचवटीपासून सिडकोपर्यंत गेला. दवाखान्यात एक पेशंट तोंडात कापूस धरून मला म्हणाला, “हुम्हीच का ह्या?” मी म्हटलं, “मीच.” आयुष्यातली पहिली प्रसिद्धी अशी कापसातून आली.

आणि रविवारी सकाळी भाऊ आमच्या दारात.

सोबत चार कार्यकर्ते, शाल, नारळ आणि फोटो काढणारा. आईचा चेहरा उतरला. मी लंडनवाल्याची एक मुलाखत मनात आठवून पाणी प्यायले. पप्पा पुढे झाले.

भाऊ मला हात जोडून म्हणाले, “ताई, पोरांनी सांगितलं, तुम्ही आमच्यावर गाणं केलंय!”

“हो,” मी म्हटलं. “तुमच्यावरच केलंय.”

“एवढं प्रेम!” भाऊंनी खरोखर डोळे टिपले. “आजकाल माणसाच्या हयातीत कोण गाणं करतं हो?”

भाऊंनी व्हिडिओ पाहिला होता. त्यातलं त्यांना ‘भाऊ, भाऊ’ एवढंच कळलं होतं. बाकीचं माझ्या वेगात वाहून गेलं होतं. कार्यकर्त्यांना कळलं असेलही, पण कळलं म्हणून सांगायची त्यांच्यात पद्धत नव्हती. आईने घाईघाईने चांगले कप काढले. भाऊंनी मला शाल घातली, फोटो झाला, आणि उठताना ते म्हणाले, “येत्या वाढदिवसाला आपल्या मैदानावर हे झालंच पाहिजे. स्टेज आपलं, साउंड आपला.”

ते गेल्यावर मी शाल काढून खुर्चीवर टाकली. “मी जाणार नाही. त्याच्या वाढदिवसाला मी का गाऊ?”

पप्पा नारळ हलवून त्यात पाणी आहे का ते बघत होते. “आम्ही गावोगाव फिरायचो ना, तेव्हा पाटील माइक बंद पाडायचा, लाइट घालवायचा. अन् हा माणूस तुला मांडव घालून देतोय, खुर्च्या मांडून देतोय, वर शाल! शिव्या खायला एवढा खर्च कुणी करतं का? जा तू.”

मी गेले.

वाढदिवस संध्याकाळी होता. मैदानावर ऑर्केस्ट्रा आला होता. भाऊ पहिल्या रांगेत लाल सोफ्यावर बसले होते. केक महापालिकेच्या इमारतीच्या आकाराचा होता. टाळ्यांच्या गजरात भाऊंनी त्यातला एक मजला कापला आणि पाहुण्यांना भरवला. मग निवेदकाने माझं नाव पुकारलं, “नाशिकची बुलेट ट्रेन” म्हणून.

बीट सुरू झाला तेव्हा स्पीकरच्या धडधडीने खुर्च्या थरथरायला लागल्या. मी जीव तोडून म्हटलं. एकही अक्षर गाळलं नाही. भाऊंकडे बोट दाखवून, डोळ्यांत डोळे घालून म्हटलं. भाऊ तालावर मान हलवत होते. बॅनरची ओळ आली तेव्हा त्यांनी चक्क हात जोडले. संपल्यावर टाळ्या पडल्या, पण त्या सर्कशीत पडतात तशा. निवेदक म्हणाला, “काय स्पीड आहे!”

मी माइक हातात घेऊनच खाली आले. मावशी पहिल्याच रांगेच्या कडेला प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या. तिसरं कडवं अख्खं त्यांच्यावर होतं.

“छान झालं गं बाई,” त्या म्हणाल्या. “कशावर होतं?”

मला रडू यायचंच बाकी होतं. लंडनवाल्याला त्याच्या लोकांनी देशद्रोही तरी म्हटलं होतं. मला बुलेट ट्रेन म्हणत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या हातातला माइक काढून घेतला. ते पप्पा होते. पांढरा सदरा घालून आले होते, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

ते सरळ स्टेजवर चढले. साउंडवाल्याला म्हणाले, “बाळा, ते धाडधाड बंद कर.” मग ऑर्केस्ट्राच्या ढोलकीवाल्याकडे बघितलं. ढोलकीवाला उठून उभाच राहिला. तो पूर्वी पप्पांच्या पार्टीत वाजवणारा माणूस निघाला. पप्पांनी बोटांनी ताल दाखवला आणि माझाच रॅप त्यांच्या चालीत सुरू केला. संथ, एकेक ओळ दोनदा. ओळ संपली की कानावर हात ठेवून लोकांकडे बघायचं.

“पाण्यासाठी खोदला…”

मागून कुणीतरी हसलं.

“मग गॅससाठी खोदला…”

आता बायकांची रांग हसली. ‘रस्ताच नाही सापडला’ आलं तेव्हा अख्खं मैदान हसलं, आणि भाऊही सवयीने हसले. मग पप्पा अगदी प्रेमाने, भावाला विचारावं तसं म्हणाले, “सांगा भाऊ, सांगा भाऊ, रस्ता कुठं गेला?” आणि थांबले. उत्तराची वाट बघत असल्यासारखे. भाऊंचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांवरून. ओठांवर तेवढं राहिलं, कारण फोटोवाला समोर होता.

मावशींचं कडवं आलं तशा मावशी ताडकन उभ्या राहिल्या. “अगं बाई, मीच की ही!” म्हणून त्यांनी प्लास्टरचा हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एका कार्यकर्त्याने साउंडवाल्याला खूण केली आणि त्याने वायर ओढली. माइक गेला. पप्पांना ते कळलंच नाही. माइक आहे की नाही याकडे त्यांचं आयुष्यात कधी लक्ष नव्हतं. पुढचं धृपद बायकांनी उचललं. मी स्टेजच्या पायरीवर उभी राहून त्यांच्यात गात होते.

भाऊ मात्र मुरलेले होते. ते उठले, स्टेजवर गेले, पप्पांना मिठी मारली आणि माइक हातात घेऊन मोठं भाषण केलं. माइक बंद असल्यामुळे ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी हातवारे करून ओरडले, “उद्यापासून काम सुरू!” तेवढं ऐकू आलं.

काम सुरू झालं, म्हणजे जेसीबीने रस्ता पुन्हा खोदला. पाणी गेलं. दोन दिवस अख्खी कॉलनी आमच्याकडे रागाने बघत होती. मग खडी आली, डांबर आलं, आणि ते आमच्या दारापर्यंत येऊन थांबलं. त्याच्या पुढची घरं आमच्याकडे आली. “आमच्यासाठी पण एक कडवं करा ना.” तेव्हापासून आमच्या ओट्यावर तक्रारींची रांग लागते. कुणाचा दिवा बंद, कुणाच्या गल्लीत कुत्री, एकाला तर सासऱ्यावर कडवं हवं होतं. पप्पा सगळ्यांना चहा देऊन विचारतात, “मुद्द्याचं सांगा, यमक आम्ही बघतो.”

पुढे निवडणूक लागली तेव्हा भाऊंची प्रचाराची रिक्षा आमच्याच चालीवर गात फिरली. शब्द फक्त बदलले होते: ‘सांगा ताई, सांगा दादा, रस्ता कुणी केला?’ मला संताप आला. पप्पा म्हणाले, “चालीवर कुणाचा हक्क नसतो. पण मात्रा चुकवल्यात गधड्यांनी.”

आता आम्ही दोघं मिळून कार्यक्रम करतो. आधी मी भरभर म्हणते, मग पप्पा तेच सावकाश सांगतात. कॉलेजातली पोरं पहिल्या भागात मोबाइल वर धरतात आणि दुसऱ्या भागात “अंकल, वन्स मोर!” म्हणून ओरडतात. याचा मला त्रास होत नाही असं नाही. एका लग्नात कुणीतरी आईला विचारलं, “तुमचे मिस्टर काय करतात?” आई शांतपणे म्हणाली, “रिटायर झाले होते. आता रॅपर आहेत.”

मागच्या महिन्यात मालेगावला दुपारचा कार्यक्रम होता. हॉलच्या पलीकडे यंत्रमाग चालू होते. खटखट, खटखट. पप्पांनी ढोलकी बाजूला ठेवायला सांगितली आणि आम्ही मागांच्या तालावर गायलो. लोकांनी वाखाणलं, पोटभर जेवू घातलं आणि विजेवर एक गाणं करा म्हणून गळ घातली, कारण लाइट गेली की माग थांबतो. परतीच्या वाटेवर गाडीत आमचं भांडण जुंपलं. हे गाणं भरभर व्हावं असं माझं म्हणणं, पप्पांचं अर्थातच उलट. चांदवडपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग मागे माझ्याशेजारी बसलेली आई झोपली. पप्पा पुढच्या सीटवर विजेची पहिली ओळ गुणगुणायला लागले. ओळ बरी होती. मी खिडकीतून बाहेर बघत थोडा वेळ दम धरला, आणि मग दुसरी दिली.