काळी मांजर अणदूरला गेली

धाराशिवात आम्ही चार-पाच जण मिळून बेवारस मांजरांना घरं शोधून देतो. संस्थेची रीतसर नोंदणी आहे, शिक्का आहे आणि कचेरी म्हणजे माझ्या घराची मागची पडवी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्यातले सगळ्यात जाणते म्हणजे पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. जन्मभर गावोगाव फिरून त्यांनी गुरांना इंजेक्शनं दिली, त्यामुळं सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. मीही म्हणते.

मागच्या दिवाळीनंतर बेंबळीहून एका बाईचा फोन आला. तिथं जुनं भुसार गोदाम पाडायचं काम चाललं होतं आणि ती तिथं मजुरीला होती.

"पत्र्याच्या खाली मांजर व्यालंय. मुकादम म्हणतोय पत्रा उचला. मी त्याच्यावरच बसलेय. तुमी या लवकर!"

आम्ही डॉक्टरांच्या जुन्या गाडीतून तासाभरात पोचलो. ती बाई खरंच पत्र्यावर बसून होती, जेवणाचा डबाही तिनं तिथंच उघडला होता. खाली चार पिल्लं होती आणि त्यांची आई. आई काळीकुट्ट, उजवा कान फाटलेला. मी हात घातला तर तिनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून काढलं.

पिल्लं भराभर गेली. फोटो टाकले की फोन यायचे. आई मात्र राहिली. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, लसी झाल्या, अंग भरलं, माझ्या मांडीवर बसायलाही लागली. पण घर काही मिळेना. लोक पडवीत यायचे, तिच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "दुसरी न्हाय का एखादी?" एका गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, की सकाळी घरातून निघताना ही आडवी गेली तर दिवस फुकट जायचा. सात महिने ती रोज मला आडवी जात होती आणि माझी नोकरी शाबूत होती. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले आणि तपकिरी बोका घेऊन गेले.

मग एके दुपारी ग्रंथालयात असताना अणदूरहून फोन आला. आवाज वयस्कर बाईचा, खणखणीत.

"तुमच्याकडं मांजरं मिळतेत म्हणं?"

"मिळतात की मावशी. पिल्लू पाहिजे का?"

"पिल्लू नगं. माझी साठी उलटली. पिल्लू आणलं अन् माझं काय बरंवाईट झालं तर त्याचं कोण बघंल? जाणतं द्या एखादं. माझ्याबरोबर म्हातारं होईल असं."

ग्रंथालयात मोठ्यानं बोलायचं नसतं हे मी विसरून गेले. "मावशी, एक आहे. पण काळी आहे हं. एक कान फाटलाय."

"काळी का गोरी, मला काय लगीन लावायचंय तिचं? आना."

मांजर द्यायच्या आधी घर बघून यायचं हा आमचा नियम. पुढच्या रविवारी डॉक्टर आणि मी अणदूरला गेलो. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं शेळ्यांचं छप्पर, शेजारी कडब्याची गंजी. मुलगा-सून नोकरीसाठी पुण्याला. घरात मावशी आणि त्यांचे मालक. त्यांच्या आठ-दहा शेळ्या होत्या आणि काका दिवसभर त्यांच्यामागं रानात असायचे. मावशींनी आमच्या फॉर्मवरच्या एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि उलट मलाच दुप्पट विचारलं. ती काय खाती, कुठं निजती, पावसात भिती का.

काका दारातच उभे होते. आत यायला तयार नव्हते.

"मांजर काय अर्ज करून घ्यायचं असतंय व्हय?" ते म्हणाले. "आपल्या पायानं येतंय, आपल्या पायानं जातंय. हे काय नवीनच काढलं तुमी लोकांनी."

"तुमी गप बसा," मावशी म्हणाल्या. "दिसभर तुमाला शेळ्या हायत बोलायला. मला कोण हाय?"

काका शेळ्यांकडं वळले. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. घर पास.

आठ दिवसांनी आम्ही काळीला टोपलीत घालून घेऊन गेलो. तुळजापूर येईपर्यंत ती ओरडत होती, मग दमून गप्प झाली. मी तिला आतल्या खोलीत सोडलं आणि मावशींना तीनतीनदा बजावलं, की आठ दिवस या खोलीचं दार बंद ठेवायचं. नवी जागा ओळखीची झाली की मग मोकळी. मावशींनी मान डोलावली. काका शेळ्यांना पाला टाकत होते, त्यांनी वर बघितलंही नाही. येताना मी गाडीत थोडी रडले, पण मनातून हरखून गेले होते. सात महिन्यांनी काळीला घर मिळालं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघणार एवढ्यात मावशींचा फोन आला.

"बाई, घात झाला. मांजर न्हाय घरात."

पहाटे काका दुधाचं भांडं घ्यायला आतल्या खोलीत गेले होते आणि दार उघडंच राहिलं होतं. मी रजा टाकली, डॉक्टरांना उठवलं, आणि आम्ही निघालो. वाटेत मला काय काय दिसत होतं! हायवेवरचे ट्रक, गावातली कुत्री, विहिरी. डॉक्टर एरवी चाळीसच्या पुढं गाडी नेत नाहीत, त्या दिवशी मी काटा साठच्या पुढं गेलेला बघितला.

पोचलो तर सगळी गल्ली बाहेर आलेली. कुणी गंजीतल्या पेंढ्या ओढतंय, कुणी शिडी लावून पत्र्यावर चढलंय, दोन बायका शाळेकडं बघून आल्या होत्या. तेवढ्यात एकजण पळत आला, "खंडोबाच्या देवळामागं काळं मांजर हाय!" आम्ही सगळे तिकडं धावलो. मी पुढं, डॉक्टर धापा टाकत मागं, त्यांच्यामागं पंधरा-वीस माणसं. तिथं एक बोका उन्हात पाय ताणून बसला होता. काळाच, पण दोन्ही कान धड आणि पंजे पांढरे. एवढी माणसं बघून तो भिंतीवरून पसार झाला.

परत येताना मला काका दिसले. बांधाबांधानं हिंडत होते. मांजराला कसं बोलावतात हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून शेळ्यांना घालतात तीच हाळी घालत होते. शेळ्या दावणीलाच होत्या. त्या दिवशी त्यांनी त्या रानात नेल्याच नव्हत्या. मला बघून ते थांबले. खाली बघत म्हणाले, "बाई, दार म्या उघडलं."

"काका, मांजरं परत येतात," मी म्हणाले.

बारा वाजले. ऊन तापलं. मावशींनी जबरदस्ती करून काकांना अर्धी भाकरी खायला लावली आणि म्हणाल्या, "घडीभर पडा. पाटंपासनं पायावर हाय तुमी." मी आणि डॉक्टर ओट्यावर बसून पुढं कुठं शोधायचं ते ठरवत होतो. काका आतल्या खोलीत गेले. लाकडी पेटीवर वाकळांची चळत होती. त्यांनी मधली एक वाकळ ओढली.

आतून एवढ्या मोठ्यानं ओरडण्याचा आवाज आला, की शेळ्यासुद्धा दचकून उभ्या राहिल्या.

"हाय! हाय! हितंच हाय की! आगं, घरातच हाय!"

आम्ही आत धावलो. सगळ्या वाकळा जमिनीवर, काका भिंतीला चिकटलेले, आणि काळी ज्वारीच्या कणगीवर चढून शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगवून आमच्याकडं बघत होती. सगळं गाव तिला रानात शोधत होतं आणि ती दोन वाकळांच्या मधोमध, जिथं कुणाचा हात गेला नव्हता, तिथं झोपलेली होती! दारात गर्दी झाली. "बघू, बघू" म्हणत जो तो आत डोकावायला लागला. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मावशी खाली बसून पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. काकाही हसत होते. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. पुढचे दोन दात नव्हते त्यांना.

"म्या जमिनीवरच निजतो," ते म्हणाले. "वाकळा राहू द्या तशाच तिला."

महिन्याभरानं आम्ही नियमाप्रमाणं बघायला गेलो. काळी ओट्यावर होती. माझा हात तिनं हुंगला, एकदा डोकं घासलं आणि परत जाऊन मावशींच्या पायाशी बसली. मला जरासं लागलं, खोटं का बोला. पण तेवढ्यात काका रानातून आले आणि ती शेपूट उभी करून वेशीकडं धावत सुटली. शेळ्यांच्या पायांतून वाट काढत ती त्यांच्यापाशी पोचली. काका तिला म्हणाले, "आलो गं बाई, आलो."

मावशींचा चहा घेऊन आम्ही निघालो, तर शेजारच्या घरातली सून गाडीजवळ उभी. तिच्यामागं तिची जाऊ. त्या दिवशी गंजी उपसणाऱ्यांत दोघी होत्या.

"ताई, तुमच्याकडं आणखी हायत का? आमाला एक पायजे. हिला दोन."

"काळी असली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"काळीच द्या," जाऊ म्हणाली. "लई हुशार असती वाटतं ती."

पडवीत त्या वेळी दोन काळी होती आणि एक ठिपक्यांची. मी गाडीत बसायचं सोडून तिथंच रस्त्यात उभी राहिले आणि पिशवीत फॉर्म शोधायला लागले.