बोरसे सरांच्या प्रयोगशाळेतली खुर्ची

हो, लिहिणार आहे. सातवी शिकलेल्या बाईने गौरवग्रंथात लिहू नये असं कुठे छापलंय? बोरसे सर साठीचे झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मोठी माणसं लिहिताहेत, लिहू द्या. पण त्यांच्या प्रयोगशाळेचं कुलूप अठरा वर्षं मी उघडतेय. समितीने मला बजावलंय, "कमलबाई, आदराने लिहा, टिंगल नको." अहो, आदर आहे म्हणून तर टिंगल करते. ज्यांचा आदर नाही त्यांना मी नुसता चहा देते.

माझे यजमान धुळ्याच्या याच कॉलेजात शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं आणि मानसशास्त्र विभागात पाठवलं. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळा झाडत होते, एकीकडे मुलांचं प्रॅक्टिकल चाललं होतं. या विषयात प्रयोग करायला प्रत्येक मुलाला एक जिवंत माणूस लागतो. त्याला हे लोक 'प्रयुक्त' म्हणतात. एका मुलीचा प्रयुक्त आलाच नव्हता. सर मला म्हणाले, "ताई, झाडू ठेवा, या खुर्चीत बसा. ही एक शब्द म्हणेल. तुमच्या मनात जो शब्द पहिला येईल तो सांगायचा."

मुलगी म्हणाली, "पाणी."

मी म्हटलं, "हंडा."

"घर."

"कुलूप."

मुलीचा पेन थांबला. मी घाबरले. "चुकलं का हो सर?"

"यात चूक नसते, ताई," सर म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, "त्या म्हणाल्या तसंच लिहून घे."

ही आमची पहिली ओळख. आमच्या घरात, माहेरी काय नि सासरी काय, माझं बोलणं लिहून घ्यावं असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

पुढे मी सगळ्यांचीच प्रयुक्त झाले. "मावशी, पाच मिनिटं बसा ना," म्हणत पोरं यायची. आरशात बघून कागदावरचा तारा गिरवायचा, हा त्यांचा एक प्रयोग. भल्याभल्यांचा हात तिथे उलटा पळतो. मी मात्र इतक्या पोरांसाठी गिरवला की सरळ रेघ यायची. एकदा विद्यापीठाचे बाहेरचे परीक्षक आले. एका मुलीने हा प्रयोग माझ्यावर केला होता. तिच्या जर्नलमध्ये ताऱ्याची एकही चूक नाही हे बघून म्हणाले, "हा निकाल घरी बसून लिहिलाय." पोरगी रडायला लागली. सरांनी मला बोलावलं, तारा पुढे ठेवला. मी परीक्षकांच्या देखत तो न चुकता गिरवला आणि वर विचारलं, "साहेब, तुमचाही गिरवून देऊ का?" परीक्षक हसले, पोरीला मार्क द्यायला निघाले. सरच आडवे आले. म्हणाले, "निकाल खरा आहे, पण प्रयुक्त चालणार नाही. या ताई शिकून तयार झाल्यात. हिने नवा माणूस आणून प्रयोग पुन्हा करावा." आपल्याच विद्यार्थिनीला आपल्याच तोंडाने अडवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एरवी सर पारोळ्याहून ये-जा करतात, स्मरणशक्तीवर तास घेतात आणि आपला डबा एसटीत विसरतात. कंडक्टर परतीच्या फेरीला गेटवर देऊन जातो.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी आमचा विषय बंद व्हायची वेळ आली. विषय चालू ठेवायला ठराविक मुलं भरावी लागतात, आणि एक मूल कमी पडत होतं. माझी मनीषा नुकतीच बारावी झाली होती. घरच्यांनी नर्सिंग ठरवलेलं. तिला आपल्या विषयाला घालू का, असं मी सरांना सहज म्हणून विचारलं. दुसरा कुणी असता तर फॉर्म हातात दिला असता. सरांनी मला समोर बसवलं.

"फी झेपेल, ताई. सरकारी विद्यापीठाची फी फार नसते. बाकीचा खर्च झेपत नाही. एम.ए.ला जळगावला जावं लागेल, दोन वर्षं खोली आणि मेस. आणि एम.ए. झालं म्हणून दवाखान्यात बसून माणसं तपासता येत नाहीत. त्याचं शिक्षण वेगळं, जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आमची मुलं पोलिसात जातात, बँकेच्या परीक्षा देतात, काही घरीच बसतात. माझा विषय वाचावा म्हणून तुमची मुलगी मी मागणार नाही."

तरीही मी फॉर्म भरला. घरी दीर, आमचे नाना, वेड्यांच्या शास्त्राला पोरगी घालते म्हणून उखडले. "येडासनं शास्तर शे ते. पोरले कोन पसंद करी?"

मी म्हटलं, "येडासले सांभाळतच जलम गया मना, नाना. पोर निदान पगार लिसन सांभाळी." मी फुकट सांभाळले, ती पगार घेऊन सांभाळेल.

आज मनीषा पिंपळनेरकडच्या आश्रमशाळांमध्ये समुपदेशक आहे. कंत्राटी आहे. दर वर्षी ऑर्डरची वाट बघते. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून मी सांगत नाही. पण घर सोडून आलेली, बोलायची बंद झालेली लेकरं तिच्यापाशी बोलतात. "काय उपयोग या शिक्षणाचा?" असं विचारणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन बसावं. मी डबा बांधून देते.

सर, तुम्ही शंभर वर्षं जगा, गुडघे सांभाळा, आणि निवृत्तीनंतर डबा घरीच खा म्हणजे हरवणार नाही.

आता राहिलेलं सांगते. दिराशी भांडून पोरीला शिकवणारी आई म्हणून महिला दिनाला कॉलेजने मला शाल दिली. ती मी घेतली, पण खरं काही बोलले नाही. विषय बंद झाला असता तर मला हेड क्लार्कच्या हाताखाली फायली उचलायला पाठवणार होते. जगात एकाच खुर्चीत बसवून मला कुणी विचारायचं, ताई, तुम्हाला काय वाटतं. ती खुर्ची मला सोडायची नव्हती. एक मूल कमी होतं, मी माझं घातलं.

मनीषाला काय वाटतं ते मी विचारलंच नाही.