इंग्रजांचा बिल्ला आणि खालाच्या पिशव्या

त्या रमजानमध्ये मी परदेशी शिष्यवृत्तीसाठी निबंध लिहीत होते. विषय होता इंग्लंडमधील जुने दारिद्र्य कायदे. तिथल्या राज्यकर्त्यांना गरिबांच्या उपासमारीइतकीच त्यांच्या भटकण्याची धास्ती होती. म्हणून त्यांनी ठरवले की प्रत्येक वस्तीने आपले गरीब आपणच सांभाळावेत, शेजाऱ्यांतूनच देखरेख करणारे नेमावेत आणि गरिबांची वर्गवारी करावी: काम न होणारे, काम न मिळणारे, काम न करणारे. पुढे तर मदत घेणाऱ्याच्या बाहीवर बिल्लाही आला. मी संख्याशास्त्राची पदवीधर. वर्गवारी दिसली की माझा विवेक जरा सैल पडतो.

गडचांदूरला आमच्या गल्लीत जकातीचा, म्हणजे रमजानच्या दानाचा, किराणा माझी खाला, म्हणजे मावशी, वाटते. तिच्याकडे यादी नव्हती. ही उणीव मी एका दुपारी भरून काढली. तीन रकाने, गुण, क्रमवारी. आणि पारदर्शकता हवी म्हणून ती यादी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पहिला क्रमांक साड्यांना फॉल लावणाऱ्या, मोतीबिंदू झालेल्या शेजारच्या बाईंचा.

त्यांनी पिशवी उंबऱ्यावरूनच परत केली. "ज्याले गरज हाय त्याले दे, बेटा."

आठवडाभर त्यांची रोज्याआधीची पहाटेची सहरी नुसत्या पाण्यावर होत होती, हे खालाला ठाऊक होते.

"काऊन टाकलं तू ग्रुपवर?" तिने विचारले.

"पारदर्शकता लागते, खाला."

"मग न्हाणीलेई काच लावून घेऊ का आपल्या? तुह्या इंग्रजायनं बिल्ला बाहीवर शिवला, तू मोबाईलवर शिवला. एवढं शिकून शिलाईच शिकली."

मग तिने आपली पद्धत मला प्रथमच समजावली. पिशव्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जातात, एकाच कापडाच्या. कुणाच्या पिशवीत महिन्याचे धान्य, कुणाच्या पिशवीत तिच्या पदरचे नुसते खजूर. कोणती कुठे द्यायची ते फक्त तिलाच ठाऊक. यादीप्रमाणे पहिली पिशवी मी घाईने बाईंकडे नेल्यामुळे यंदा ती पद्धत मोडली होती. शिक्षा म्हणून सगळी घरे मलाच फिरावी लागली.

बाईंचे दार शेवटी गाठले. त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

"समोरच्या डॉक्टरले देली का?"

"दिली. आत्ताच."

"त्यानं घेतली?"

"घेतली. चहालाही थांबवत होते."

"रोज्यात चहा?"

"त्यांना कुठे रोजा आहे, बाई."

त्या हसल्या आणि पिशवी आत ओढून घेतली. जड होती, तरी मला हात लावू दिला नाही. "तुह्या यादीत डॉक्टर कोन्त्या रकान्यात हाय?"

"यादी नाही आता," मी म्हणाले. तासाभरापूर्वीच ती मी ग्रुपवरून काढून टाकली होती.