देवाला बोललेली मुलगी

नव्वदच्या दशकात मी बारामतीला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये होते. सकाळी दवाखाना, आणि ज्या मुलींना सिस्टर व्हावंसं वाटतं त्यांच्याशी बोलायचं कामही माझ्याकडेच. देवाच्या या बोलावण्याला आम्ही पाचारण म्हणतो. ते खरंच आलंय का, हे मुलीनं स्वतः ओळखायचं. मी सोबत बसून ऐकायचं, एवढंच.

एका उन्हाळ्यात सणसरची एक मुलगी सिस्टर व्हायचं म्हणून आमच्याकडे राहायला आली. नुकतीच बारावी झालेली. वडील साखर कारखान्यात फिटर, कुटुंब मूळचं नगरकडचं, ख्रिस्ती. पोरगी कामाला चपळ. पहाटेची प्रार्थना चुकवायची नाही, न सांगता भांडी घासायला बसायची. कॉन्व्हेंटच्या प्रमुख, आमच्या मदर, खूश होत्या. "ही टिकणार," म्हणायच्या. मला मात्र काहीतरी खटकत होतं. दवाखान्यात कुणी तान्हं पोर घेऊन आलं की हिचा चेहरा फुलायचा. चॅपलमध्ये शिरली की मात्र खांदे ताठ, हेडमास्तरांपुढं उभी केल्यासारखी.

एका दुपारी आम्ही दोघी मागच्या ओसरीत चिंचा फोडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "तुला बोलावतंय कोण गं?"

तिनं हातातली चिंच फोडून टाकली. मग म्हणाली, "लहानपणी मला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तवा आई देवाला म्हणाली, हिला वाचव, ही तुझीच. मी वाचले, सिस्टर."

"आणि तुला काय हवंय?"

"मला नर्स व्हायचंय. लग्न करायचंय." ती रडायलाच लागली. "पण मी न्हाय म्हटलं आन् घरात कुणाला काय झालं तर?"

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर मी तिला घेऊन एसटीनं सणसरला गेले. घरी आईनं चहा टाकला. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आईनं स्टो बंद केला.

"म्हंजी हिला जायचं न्हाय?"

"न्हाय, आई," मुलगी कशीबशी म्हणाली.

आई तिथंच खाली बसली. मला वाटलं, आता चिडणार. पण तिनं पदर तोंडाला लावला आणि ती हसत होती की रडत होती, कळेना. "आगं बया! एकुलती एक लेक चालली म्हणून मी रोज रडतीया. पर बोलल्यालं माघारी कसं घेऊ? आन् तुलाच लय आवड हाय, असं वाटलं मला." मग माझ्याकडे वळून घाबरत म्हणाली, "सिस्टर, देव कोपायचा न्हाय ना?"

"तुमचं जे आहे ते तुम्ही द्या. तिचं आयुष्य तिनंच द्यायचं असतं," मी म्हणाले. तरी आईचं समाधान होईना, म्हणून तिला फादरांकडे नेलं. भीतीपोटी दुसऱ्याच्या नावानं बोललेलं त्या दुसऱ्याला बांधत नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तिनं तेच पुन्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"मग ट्रंक आणायला मी येऊ का?" वडील एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी कॉन्व्हेंटवर हजर झाले. कॉन्व्हेंटला येताना मुलीसाठी हौसेनं घेतलेली नवी ट्रंक खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडताना हा बाप गडी शीळ घालत होता.

मदर काय म्हणतील याची मला धास्ती होती. "पाच वर्षांनी रडत गेली असती," म्हणाल्या. "आत्ताच कळलं, बरं झालं." माझ्या छातीवरचा दगडच उतरला.

मुलगी नर्सिंगला गेली. काही वर्षांनी तिचं लग्न झालं. आईनं मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि नको नको म्हणताना दोनदा जिलबी वाढली.