ऑक्सिजनच्या मशीनची पारख

हसणार नसाल तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि उठा. गेले चार महिने मार्केट यार्डात जो भेटतो तो मला बघून आधी नाक पुसतो आणि मग नमस्कार करतो. का, ते ऐका. चूक माझी होती हे शेवटी मी मान्य करणारच आहे. पण रागावण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नका.

गोष्ट बोटीची. मुंबईहून गोव्याला जाणारी, हॉटेलएवढी मोठी बोट. क्रूझ म्हणतात तिला. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आणि तिच्या दोन धाकट्या बहिणी. साठी जवळ आली, आता तिघींनी मिळून एकदा समुद्रात जायचं, असं बहिणींनी ठरवलं. नवरे बरोबर, सामान उचलायला.

अडचण एकच. सुनंदाची फुफ्फुसं एका जुन्या न्यूमोनियानं अधू करून ठेवली आहेत. रोज काही तास नाकाला ऑक्सिजनची नळी लावावी लागते. घरी त्याचं मोठं मशीन आहे, तिजोरीएवढं. ते काही बोटीवर नेता येत नाही. ‘तुमी जावा, मी फोटो बघीन,’ असं ती बहिणींना फोनवर म्हणाली आणि वळून तांदूळ निवडायला बसली.

तांदूळ सकाळीच निवडून झाले होते. ते मी पाहिलं होतं. तिथंच ठरवलं, हिला बोटीवर न्यायचीच.

आणि मग सुरू झाला छळ. बोटीच्या कंपनीला फोन केला, तर म्हणे सिलिंडर चालणार नाही. बरं. बॅटरीवर चालणारं, खांद्याला अडकवायचं लहान मशीन मिळतं, ते चालेल, पण डॉक्टरांचं पत्र हवं. दिलं. मग दुसरं पत्र, बॅटऱ्या किती आणि कुठल्या. तेही दिलं. मग तिसरं. ज्याच्याकडून मशीन भाड्यानं घेतलं, त्यानं लिहून द्यायचं की हे मशीन निर्दोष चालतं. ते ठरल्या शुक्रवारपर्यंत पोचलं नाही, तर पेशंटला बोटीवर चढू देणार नाही. अहो, आम्ही काय बोट चालवायला चाललो होतो? मी त्यांना एकच साधी गोष्ट विचारली, आम्ही जैन, सूर्यास्ताच्या आत जेवतो, तेवढी सोय होईल का? तर म्हणे, कळवतो. पत्रं मागताना बरी घाई होती.

मशीन मिळालं मिरजेत. तिथं दर दुसरं दार दवाखान्याचं, आणि दवाखान्याशेजारी असल्या वस्तूंची दुकानं. त्यातल्या एका दुकानात मोमीन नावाचा गृहस्थ होता, चाळिशीचा, हळू बोलणारा. मला हळू बोलणाऱ्या दुकानदाराचा आधीपासूनच संशय येतो. त्यानं मशीन दाखवलं, बटणं समजावली आणि म्हणाला, ‘आण्णा, चार-पाच दिवस घरात चालवून बघा. बरं चाललं की पत्र देतो.’

आता माझंही ऐकून घ्या. मी पस्तीस वर्षं सांगलीत हळदीची अडत करतोय. शेतकऱ्याचा माल माझ्या दुकानात उतरतो, सौदा निघतो, व्यापारी उचलतात. आमच्या धंद्यात वस्तू घरी नेऊन कुणी पारखत नाही. ती पेढीवर मांडायची, चार जाणत्यांच्या नजरेखालून घालवायची, मग हो म्हणायचं. इथं तर बायकोच्या श्वासाचा प्रश्न. तो काय मी दिवाणखान्यात बसून सोडवू? मशीन थेट दुकानात आणलं. गादीवर, माझ्या उजव्या हाताला ठेवलं. आमच्याकडं वजनं करणारा शंकर आहे, त्यानं नवी वस्तू म्हणून हळदीकुंकवाची बोटं लावली. उदबत्ती मात्र मी त्या दिवशी लांब, बाहेरच्या खांबाला लावली. ऑक्सिजनजवळ विस्तव नको, एवढं मला कळतं.

पहिला दिवस झकास गेला. मशीन मांजरासारखं घुरघुरत होतं. येईल त्याच्या नाकाला मी नळी लावून बघत होतो. शंकर डोळे मिटून म्हणाला, गार वाटतंय. अथणीहून येणारा एक व्यापारी म्हणाला, डोकं हलकं झालं. हमाल तर रांग लावून आले. (नळी मी नंतर नवी घेतली. एवढं तोंड वाकडं करायला नको.)

दुसऱ्या दिवशी दुपारी, सौदे ऐन रंगात असताना, मशीन ओरडायला लागलं. लाल दिवा आणि टूं टूं टूं. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. मोमीनला फोन लावला. त्यानं माझी उलटतपासणी सुरू केली.

‘मशीन कुठं ठिवलंय?’

‘माझ्या डोळ्यांसमोर.’

‘भिंतीला टेकवून न्हाई ना? त्याला हवा लागती.’

‘भिंतच न्हाई हितं. सगळं उघडं हाय.’

‘आणि धूळ?’

इथं माझा पारा चढला. दिवसातनं तीनदा झाडून घेतो मी, म्हटलं. तुमच्या दुकानापेक्षा माझी जागा स्वच्छ आहे. आता सांगा, ह्यात एक अक्षर तरी खोटं होतं का?

त्यानं मुकाट्यानं मशीन बदलून दिलं. दुसरं मशीन एक दिवससुद्धा टिकलं नाही. त्या दिवशी आवक जास्त होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, त्या गडबडीत हे टूं टूं. मी पुन्हा फोन केला आणि म्हटलं, ते राहू दे, तू आधी पत्र दे, मशीनचं मागनं बघू. तर तो म्हणतो कसा?

‘आण्णा, बिघडलेल्या मशीनचं पत्र मी कसं लिहू? बोटीवर बंद पडलं तर वैनींनी काय करायचं?’

बरोबर बोलत होता. म्हणूनच जास्त राग आला.

शुक्रवार दोन दिवसांवर आला. संध्याकाळी घरी गेलो, तर माळ्यावरून काढलेली प्रवासाची बॅग सुनंदानं पुन्हा वर ठेवली होती. 

मग मात्र मी कुणाचंच ऐकणार नव्हतो. यार्डातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘मिरजेतून वैद्यकीय यंत्रे घेताना सावध राहावे, अनुभवाचे बोल.’ सगळ्या यार्डानं पसंतीचे अंगठे टाकले. एकानं ग्राहक मंचाचा पत्ता दिला, एकानं वकिलाचा. मी मोमीनला निरोप दिला, उद्या सकाळी तिसरं मशीन घेऊन तू स्वतः यायचंस. चार माणसांदेखत चालवून दाखवायचंस. आणि चार कशाला, मी चांगली पंधरा-वीस माणसं बोलावून ठेवली. फसवणारा माणूस तोंडावर पडलेला सगळ्यांनी बघावा, एवढाच हेतू.

सकाळी तो स्कूटरवरून आला, तिसरं मशीन न आणताच. सौदे चालू होते. पोती फोडली जात होती, ढीग पडत होते, हमालांचं ‘सरका, सरका’ चाललं होतं. मोमीन पायरीवर उभा राहिला. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि शिंकला. एकदा नाही, लागोपाठ सात वेळा. मग खिशातनं मास्क काढून तोंडाला लावला आणि गादीशी आला. भांडायला म्हणून मी आवाज काढणार, तोवर त्यानं बंद पडलेलं मशीन उलटं करून मागचं एक छोटं झाकण काढलं होतं. आतून त्यानं बोटभर स्पंजाची चकती बाहेर ओढली.

‘ही काळी असती, आण्णा,’ तो म्हणाला.

चकती लग्नाच्या हळदीला बसल्यासारखी दिसत होती. त्यानं ती माझ्या पांढऱ्या गादीवर हळूच झटकली. छोटासा पिवळा ढीग पडला. सगळे वाकून बघायला लागले.

आता पस्तीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला. चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि भर माणसांत म्हणालो, ‘राजापुरी हळद हाय. एक नंबर माल.’

तुम्ही हसताय. ते पण असेच हसले. हमालांनी पोती खाली टाकली आणि हसले. अथणीच्या व्यापाऱ्यानं बोली लावू का म्हणून विचारलं. शंकर, जो माझ्या दुकानात माझ्यासमोर चहासुद्धा पाठ फिरवून पितो, तो खांबाला धरून हसला. एकटा मोमीन हसला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तो शांतपणे सांगत बसला. मशीन भोवतालचीच हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून पेशंटला देतं. भोवताली हळद असली तर ते बिचारं हळद ओढणार. त्याचा काय दोष? मग तेच मशीन त्यानं बाहेर, गेटजवळच्या लिंबाखाली नेलं, चकती बदलली आणि अर्धा तास चालवून दाखवलं. हूं की चूं नाही. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यानं पत्र लिहिलं.

ग्रुपवरचा मजकूर मी काढून टाकला आणि माफीही लिहिली. पण तोवर कुणीतरी गादीवरच्या ढिगाचा फोटो टाकला होता. अंगठे त्यालाही आले. मी म्हणतो, स्पंज आहे हे आधी सांगायला काय झालं होतं? मोमीन म्हणतो सांगितलं होतं, छापील कागदही दिला होता. असेल. कागद आम्ही जपून ठेवतो, वाचत नाही.

असो. पत्र पोचलं. बोट मिळाली. सूर्यास्ताच्या आत जेवणही मिळालं, पण किती भांडून, ते मला विचारू नका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे वरच्या डेकवर बसलो होतो. सुनंदाच्या मांडीशेजारी ते लहान मशीन, नाकाला नळी, समोर नुसतं पाणी. मी साडूंना स्पंजाची हकीकत सांगत होतो आणि तिघी बहिणी पोट धरून हसत होत्या. हसता हसता धाकटी एकदम थांबली.

‘आक्का,’ ती म्हणाली, ‘तीन दिवस झालं, तू खोकली न्हाईस गं?’

सुनंदानं जरा विचार केला. मग माझ्याकडं बघितलं.

‘आवं, मशीन ओरडल्यावर तुमी काय काय केलंत म्हणालात?’

मला वाटलं कौतुक चाललंय. मी पुन्हा सगळं सांगितलं. दोनदा फोन केला, मशीन बदललं, मिरजेहून माणूस बोलावला, सगळं यार्ड जागं केलं.

‘दीड दिवसात येवढं,’ ती म्हणाली. ‘आणि रोज संध्याकाळी तुमी घरी येऊन दारातच शर्ट झटकलात की मला खोकला लागतो. लग्न झाल्यापासनं. तवा काय केलंत?’

साडू समुद्राकडं बघायला लागले. मीही बघायला लागलो. काही केलं नव्हतं असं नाही. दर वेळी मी केलं होतं, आणि हातातलं काम टाकून, स्वतः उठून केलं होतं. कपभर दूध तापवायचं, आणि दुकानातली चमचाभर हळद घालून तिला पाजायचं.